नॅकची फाईल कपाटात गेली, आता पुढं काय?

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न कॉलेजवाल्यांचेच आहेत आणि सगळे फिरून फिरून एकाच जागी येतायत, की पोरं नेमकं काय शिकली हे बघायची सोय कॉलेजात लावायची कशी आणि लावली तर ती टिकवायची कशी. त्यामुळं हॉस्टेल आणि स्कॉलरशिपचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. पत्रं लांबलचक होती, कापून देतेय, रागावू नका.

प्रश्न : मॅडम नमस्कार. बेळगावच्या खानापूर भागातल्या एका डिग्री कॉलेजात आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत दर्जा कक्षाचं, काम माझ्याकडं आहे. मागच्या नॅकला (कॉलेजांचा दर्जा तपासतात ती) कोर्स आउटकम, प्रोग्राम आउटकम (पेपर संपल्यावर आणि डिग्री संपल्यावर पोराला काय यायला पाहिजे ते), मॅपिंग (त्या दोन्हींची सांगड), अटेनमेंट (त्यातलं किती साधलं) सगळं झालं, म्हणजे एकाच सरांनी रात्र रात्र बसून केलं. ते सर आता दुसरीकडं गेले आणि त्यांची एक्सेल उघडली की कशाचं काय कळत नाही. प्रिन्सिपॉल म्हणतात, दरवर्षी आपोआप चालेल असं काहीतरी बसवा. स्टाफ म्हणतोय, यूयूसीएमएसवर (युनिव्हर्सिटीच्या ऑनलाइन पोर्टलवर) मार्क भरून भरून आधीच बोटं झिजलीत. कुठनं सुरुवात करू?

सर, आधी एकच विचारते. त्या एक्सेलमधला एखादा आकडा बघून तुमच्या कॉलेजात कुणी शिकवण्यात काही बदललं का, एखादं युनिट आधी घेतलं, एखादा सराव वाढवला, असलं काही? माझा अंदाज, नाही. मग ती बंद पडली यात नवल काय, तिच्यावाचून कुणाचंच अडत नव्हतं. अडत होतं ते फक्त नॅकचं, आणि नॅकवाले काय रोज येत नाहीत. दरवर्षी चालणारं पाहिजे असेल तर ते आधी शिकवणाऱ्याच्या उपयोगी पडलं पाहिजे. आणि जेवढं कुणीतरी बसून वाचणार आहे तेवढंच गोळा करायचं, त्यापेक्षा एक कागद जास्त नको.

'आपोआप' हा शब्द मात्र प्रिन्सिपॉलना सोडायला सांगा, आपोआप फक्त धूळ साठते.

आता मार्क तर आहेतच की, मग वेगळं काय बघायचं, असं स्टाफ विचारणार. समजा पोराला कॉस्टिंगमध्ये ५८ पडले. त्या ५८ वरनं काय कळलं? थिअरी घोकून ५८ पडतात, गणितं सोडवून पण पडतात, इंटरनलच्या कृपेनं पण पडतात. पास-नापास ठरवायला तेवढं पुरतं, पण पुढच्या वर्षी वर्गात काय वेगळं करायचं हे त्या ५८ मधनं निघत नाही, घोडं इथंच पेंड खातंय.

म्हणून यंदा एकच गोष्ट निवडा. प्रोग्राम आउटकम आठ-दहा असतील, ते सगळे एका वर्षात मोजायला गेलात तर रात्र थोडी सोंगं फार, आणि शेवटी परत कुणीतरी एकटाच रात्र जागणार. वर्षाला एक, फार तर दोन. दोन-दोन घेतले तर चार-पाच वर्षांत सगळे एकदा फिरून येतात, नॅकची मुदत पण आत्तापर्यंत साधारण पाच वर्षांचीच असायची, तर हिशोब बसतोय. कुठली निवडायची? स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी ज्याच्यावर सगळे कुरकुर करतात ती. तुमच्या पत्रातच एका ठिकाणी आहे, 'पोरं आकडे काढतात पण त्याचा अर्थ विचारला की गप्प.' झालं की, हीच घ्या.

आता हे कागदावर कसं दिसतं ते जरा सविस्तर सांगते, कारण इथंच लोक घाबरतात. बीकॉमच्या इंटरनल टेस्टमध्ये एक प्रश्न असा टाका. एका गुऱ्हाळाचा हंगामाचा ठरलेला खर्च १,२०,००० रुपये. किलोमागं ऊस, जळण, मजुरी धरून ३४ रुपये लागतात आणि गूळ जातो ४२ रुपयांनी. किती किलोवर ना नफा ना तोटा? उत्तर १५,००० किलो, हे बरीच पोरं काढतील. दर ४० वर आला तर? २०,००० किलो, हे पण काढतील. आता खरा प्रश्न : मालकाचा गेल्या साली १७,००० किलो खपला होता, यंदा पण तेवढाच खपेल आणि दर ४० च राहणार असं दिसतंय, तर त्याला चार ओळींत सल्ला द्या.

या चार ओळींवर तुमचं सगळं काम. कोरं सोडलं किंवा आकडेच चुकले तर शून्य. आकडे बरोबर पण सल्ल्याच्या जागी ब्रेक-ईव्हनची व्याख्या लिहून ठेवली तर एक. १८,००० रुपये तोटा येतोय, यंदा बंद ठेवा असं कारणासकट सांगितलं तर दोन. आणि एखादी पोरगी लिहील की अहो, त्या १,२०,००० मधले किती आधीच गुंतलेत ते सांगा, कारण जागेचं भाडं नि उचल अगोदरच देऊन बसला असाल तर बंद ठेवून सगळेच जाणार, चालवलं तर १८,००० वरच भागतंय, तिला तीन. बस, ही तुमची रुब्रिक, म्हणजे आकडा द्यायची मोजपट्टी. अर्ध्या पानात मावते आणि कुठल्याही कॉमर्सच्या माणसाला वाचताक्षणी कळते. इंटरनेटवरनं उतरवलेल्या पाच पानी रुब्रिकमध्ये 'एक्सलंट', 'गुड', 'फेअर' असले शब्द असतात, आणि गुड कुठं संपतं नि एक्सलंट कुठं सुरू होतं हे लिहिणाऱ्याला पण माहीत नसतं.

पेपर सगळ्यांचे बघायचे नाहीत. वर्षाला १८० पोरं असतील तर हजेरीपटावरचा प्रत्येक सहावा नंबर घ्या, ३० पेपर झाले. हुशार पोरांचे वेचून काढायचा मोह होतो, तो आवरा. नावं झाका. दोघं-तिघं जण बसा, आधी पाच पेपर सगळ्यांनी वेगवेगळे वाचून आपापला आकडा द्या आणि मग ताडून बघा, ज्या पेपरला एकानं एक दिलाय आणि दुसऱ्यानं तीन, त्याच्यावर भांडा. हे भांडण चुकवू नका, 'अर्थ सांगता येणं' म्हणजे आपण काय समजतो हे तिथंच ठरतं. उरलेले २५ वाटून घ्या. पेपरला पाच मिनिटं धरली तरी शनिवारच्या एका दुपारचं काम आहे.

मग समजा ३० पैकी २० जण 'एक' वरच अडकलेत. याचं काय करायचं हे त्याच बैठकीत ठरवून उठायचं, 'पुढं बघू' म्हणालात की संपलं. तिसऱ्या सेमिस्टरपासून प्रत्येक गणितानंतर दोन ओळी अर्थ लिहायला लावायचा, अमुक सर लावणार, एवढं लहान ठरलं तरी चालतं. पुढच्या वर्षी गुऱ्हाळाच्या जागी वीटभट्टी घाला नाहीतर दूध डेअरी, पण प्रश्न त्याच जातीचा ठेवा आणि परत ३० पेपर वाचा. फरक पडला तर उत्तम, नाही पडला तर उपाय बदला.

टिकवायचं म्हणाल तर एका माणसावर ठेवू नका. दोघं असू देत, एक जुना एक नवा, दरवर्षी एकानं बाहेर पडायचं आणि एकानं आत यायचं, म्हणजे कुणाची बदली झाली तरी धागा तुटत नाही. बैठकीची तारीख जूनमध्येच कॅलेंडर ऑफ इव्हेंट्समध्ये छापून टाका, स्पोर्ट्स डे छापतात तशी. तुमच्याकडं एक जास्तीची काळजी, टेस्ट भर पावसात नको. जांबोटी-कणकुंबीकडची पोरं जुलैमध्ये बस बंद म्हणून येत नाहीत, मग ३० पेपरात नेमकी तीच पोरं गळतात. आणि स्टाफला हे काम देताय तर दुसरं एखादं काढून घ्या. हे प्रिन्सिपॉलनीच करायला पाहिजे, तुम्ही नुसतं गोड बोलून होणार नाही.

सगळं झाल्यावर एक पानाची नोंद ठेवा. काय विचारलं, कुठले पेपर घेतले, काय दिसलं, काय बदललं. नॅकच्या क्रायटेरिया २ मध्ये २.६ ला लर्निंग आउटकमचं जे मागतात त्याला हे पान लावता येतं, एक्यूएआरमध्ये (नॅकला दरवर्षी पाठवायच्या अहवालात) पण घालता येतं. म्हणजे नॅकचं वेगळं काम राहत नाही, हे मी नाराज स्टाफसाठी लिहितेय.

आणखी एक, जे आपल्या कर्नाटकातल्या कॉलेजांना विशेष लागू. २०२१-२२ ला एनईपी (राष्ट्रीय शिक्षण धोरण) आली, चार वर्षांची डिग्री, नवे पेपर, नवे कोड. २०२४-२५ पासून परत तीन वर्षांची डिग्री, राज्याचं स्वतःचं धोरण (एसईपी), परत नवे पेपर. जुन्या सरांची एक्सेल कळत नाही त्याचं एक कारण हे पण असेल, ती पेपर कोडला बांधलेली असणार आणि ते कोडच गेले. पण 'आकड्याचा अर्थ सांगता येणं' एनईपीत पण लागतं, एसईपीत पण लागतं आणि उद्या आणखी काही आलं तरी लागणार. तेव्हा नोंदी पेपरच्या नावानं न ठेवता त्या कौशल्याच्या नावानं ठेवा.

आणि हे आकडे कुणाच्या अप्रेझलला लावायचे नाहीत असं पहिल्याच मीटिंगमध्ये मिनिट्समध्ये लिहून घ्या. लावले की दुसऱ्याच वर्षी सगळ्या पोरांना तीन पडतात.

प्रश्न : मी निपाणीकडं गेस्ट लेक्चरर आहे. कायम स्टाफपेक्षा माझ्याकडंच जास्त तास आहेत. आता सीओ-पीओ (कोर्स आउटकम-प्रोग्राम आउटकम) मॅपिंगची शीट पण मलाच भरायला सांगितलीय, आणि पुढच्या वर्षी मी इथं असेन की नाही ते देवाला माहीत. मी हे का करावं?

खरं सांगू? ती शीट एकट्यानं भरू नका. मॅपिंग म्हणजे कुठला पेपर कुठल्या आउटकमला किती हातभार लावतो ते १, २, ३ असं लिहायचं, आणि ते एकट्यानं लिहिलं की अंदाजपंचे होतं, सगळ्या चौकोनात २ घालून लोक मोकळे होतात, तुम्हीपण तेच करणार आणि त्यात तुमची चूक नाही. डिपार्टमेंटचे चार जण समोरासमोर बसून 'ही गोष्ट पहिल्यांदा कोण शिकवतं, सराव कोण घेतं, आणि शेवटी पक्की कोण करतं' एवढं बोलले तर तासाभरात खरं मॅपिंग होतं. बऱ्याचदा त्यात असं निघतं की शिकवलीय सगळ्यांनी, पक्की कुणीच केली नाही. प्रत्येकाला वाटलेलं की दुसरा करतोय.

तुम्ही एवढंच मागा : त्या तासाचा मोबदला, आणि पेपर वाचायला बसवणार असाल तर त्या दुपारचा पण. हे मी तुमच्या प्रिन्सिपॉलसाठी लिहितेय हे त्यांना कळेलच. पहिल्या वर्षाचे वर्ग गेस्ट लेक्चरर चालवणार आणि पोरं काय शिकली याच्या बैठकीला मात्र कायम स्टाफच बसणार, मग पहिल्या वर्षी काय होतंय ते सांगणार कोण? आणि तुम्ही का करावं म्हणाल तर, तुमच्या वर्गातली पोरं कुठं अडतात हे तुम्हाला आधी कळतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात गेलात तरी ते तुमच्याबरोबर जातं, शीट नाही जात.

प्रश्न : माझा मुलगा चिकोडीत बीएला आहे. कॉलेजात आता आणखी टेस्ट सुरू करणार म्हणतात. पोरांना श्वास तरी घेऊ द्या की ओ.

दादा, बरोबर आहे तुमचं. पण हे नीट केलं तर टेस्ट वाढत नाहीत. पोरं जे आधीच लिहितात, इंटरनल, असाइनमेंट, प्रोजेक्ट, त्यातलेच थोडे कागद मास्तर लोकांनी वेगळ्या नजरेनं परत वाचायचे असतात. जास्तीची परीक्षा असेल तर शाळेसारखी एसडीएमसी (शाळा विकास समिती) नसली तरी पालक सभा असते, तिथं उभं राहून विचारा की याचं पुढं काय करणार. उत्तर आलं नाही तर ती टेस्ट नको म्हणून सांगा.

प्रश्न : बेळगावात कॉमर्स शिकवते. एकाच वर्गात मराठी मिडियमची पोरं, कन्नड मिडियमची पोरं आणि थोडी इंग्लिश मिडियमची. शिकवायचं इंग्लिशमध्ये, पेपर इंग्लिशमध्ये. विषय समजलेली पोरं पण इंग्लिशमुळं कच्ची दिसतात. आउटकम मोजायचं म्हणजे मी काय मोजतेय, अकाउंट्स की इंग्लिश?

मॅडम, या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा. आणि तो फक्त आपल्याकडच्या कॉलेजवाल्यांनाच इतका रोज पडतो, पुण्यात नि बेंगळूरुत बसून फॉर्म तयार करणाऱ्यांच्या तो डोक्यात पण येत नसेल.

युनिव्हर्सिटीच्या पेपरची भाषा आपल्या हातात नाही, ते सोडून द्या. पण मी वर सांगितली तसली बैठक ही परीक्षा नाही, तिथं दिलेले आकडे पोरांच्या मार्कांत लागत नाहीत, त्यामुळं तिथं तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे. गुऱ्हाळवाल्याला सल्ला पोरांना पाहिजे त्या भाषेत लिहू दे, मराठीत, कन्नडमध्ये, नाहीतर आपली नेहमीची तीन भाषांची मिसळ. तसाही गुऱ्हाळाचा मालक इंग्लिशमध्ये थोडाच विचारणार आहे. मग एक आकडा विषयाचा द्या आणि भाषेचा वेगळा द्या, दोन्ही कधीच एकत्र करू नका.

आणखी नेमकं बघायचं असेल तर दहा-बारा पोरांना एकच गोष्ट दोनदा करायला लावा, आधी तोंडी आपल्या भाषेत आणि मग लेखी इंग्लिशमध्ये. तोंडी छान आणि लेखी गडबड, तर विषय परत शिकवण्यात वेळ घालवू नका, त्यांना लिहायचा सराव द्या, दोन-दोन वाक्यांचा, रोज. 'द प्रॉफिट हॅज डिक्रीज्ड बिकॉज' इथपर्यंत वाक्य फळ्यावर लिहून द्यायचं, पुढचं त्यांनी पुरं करायचं, एवढ्यानं सुरुवात होते. तोंडी पण येत नाही तर मात्र विषयच परत घ्यावा लागेल, इंग्लिशच्या नावानं खडे फोडून उपयोग नाही. आणि एखादं पोर इंग्लिशमध्ये गाईडची वाक्यं झकास उतरवतंय पण आपल्या भाषेत सांग म्हटलं की अडखळतंय, असंही सापडेल. ते पोर मार्कांत कधीच दिसत नाही, ते इथंच दिसतं.

कन्नड पेपर वाचायला कन्नड वाचणारं कुणीतरी बसवा आणि मराठीला मराठी, तुमच्या स्टाफमध्ये दोन्ही असणारच, आणि दोन्ही वाचणारे असतील तर त्यांना चहा जास्त पाजा. फक्त एक अपवाद लक्षात ठेवा. 'इंग्लिशमध्ये व्यवसायाचं पत्र लिहिता येणं' हाच जर आउटकम असेल तर तिथं भाषाच विषय आहे, सूट नाही.

निष्कर्ष लिहिताना 'मराठी मिडियमची पोरं कमी पडतात' असलं वाक्य नोंदीत नको. ३० पेपरात त्या मिडियमचे दहा-बारा असतील, तेवढ्यावर असं काही म्हणता येत नाही, आणि असलं वाक्य एकदा कागदावर आलं की नको त्या माणसाच्या हातात जातं, आपल्या भागात तर जातंच जातं.

प्रश्न : इंजिनिअरिंग कॉलेजात आहे, व्हीटीयू (विश्वेश्वरय्या टेक्निकल युनिव्हर्सिटी) खाली. एनबीएसाठी (इंजिनिअरिंगचे कोर्स तपासून मान्यता देणारं बोर्ड) दरवर्षी अटेनमेंट काढतो आणि दरवर्षी ते टार्गेटच्या वर येतं. मग 'इम्प्रूव्हमेंट'च्या कॉलममध्ये काय लिहायचं? मागच्या वर्षीचंच वाक्य फिरवून लिहितोय.

फिरवून लिहायचं बंद करा आणि प्रश्नपत्रिका काढून बसा. अटेनमेंटची लेव्हल साधारण अशी ठरवतात की ६० टक्के पोरांनी ठरलेली मार्कांची रेषा ओलांडली तर १, ७० टक्क्यांनी ओलांडली तर २, ८० टक्क्यांनी तर ३. पण रेषा आपणच आखतो आणि प्रश्न पण आपणच काढतो. प्रत्येक प्रश्नापुढं पेन्सिलीनं लिहा, हा आठवायचा आहे, समजून सांगायचा आहे, का नवीन जागी वापरायचा आहे. ब्लूमची ती शिकण्याच्या पायऱ्यांची यादी १९५६ ची, २००१ मध्ये सुधारलेली, तुमच्या फायलीत पहिल्याच पानावर चिकटवलेली असणार. मग गेल्या तीन वर्षांचे पेपर शेजारी ठेवून किती प्रश्न जसेच्या तसे परत आलेत तेही बघा. बहुतेक ठिकाणी अटेनमेंट वर जायचं कारण तिथंच सापडतं.

कोर्स एंड सर्व्हेचे (पेपर संपल्यावर पोरांकडनं भरून घेतात तो) जे टक्के अटेनमेंटमध्ये मिसळता, त्यांच्यावर पण फार विसंबू नका. 'तुम्ही शिकलात का' असं पोराला विचारलं, तेही इंटरनलचे मार्क लागायच्या आधी, तर ते 'नाही' म्हणणार आहे का? त्याऐवजी तासाच्या शेवटी अर्धा कागद द्या, आज काय कळलं आणि कुठं गाडी अडली, दोनच ओळी, नाव नाही. ते कागद वाचायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि दुसऱ्या दिवशीच्या तासाला लगेच कामाला येतात. आणि २२ पोरांच्या वर्गात एक पोर म्हणजे साडेचार टक्के होतं, तेव्हा ६८ चे ७३ झाले म्हणून कॉलम भरू नका, एका पोराला त्या दिवशी ताप नव्हता एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन अकॉर्डचा (इंजिनिअरिंगच्या डिग्र्या एकमेकांच्या देशात मानायचा करार) कायम सदस्य झाला, तेव्हापासून हा सगळा पसारा वाढला, आणि त्यामागचा हेतू चांगलाच होता, आपल्या पोरांची डिग्री बाहेर मानली जावी. पण तिथं मागतात ते 'काय सापडलं आणि त्यावर काय केलं'. 'सगळं टार्गेटच्या वर' हे सलग चार वर्षं वाचून तपासणाऱ्याला काय वाटत असेल याचा जरा विचार करा.

प्रश्न : एका कंपनीचा माणूस येऊन गेला, ओबीईचं (आउटकमवर आधारलेल्या शिक्षणाचं) सॉफ्टवेअर, सगळे रिपोर्ट एका क्लिकवर. मॅनेजमेंट तयार आहे. घ्यावं का?

दोन फेऱ्या हातानं झाल्याशिवाय नको. आत्ता घेतलंत तर सॉफ्टवेअर जे मागेल ते तुम्ही भरत बसाल, तुम्हाला काय बघायचंय ते बाजूलाच राहील. ३० पेपरांच्या आकड्यांना साधी गूगल शीट पुरते. फक्त ती शीट कॉलेजच्या मेलवर उघडा, कुणाच्या स्वतःच्या जीमेलवर नको, आणि पासवर्ड ऑफिस सुपरिंटेंडेंटकडं पण असू दे. पुढं कधी सॉफ्टवेअर घ्यायचंच झालं तर त्या माणसाला आधी विचारा की तुमची वर्गणी बंद केली तर आमचा डेटा आम्हाला एक्सेलमध्ये परत मिळतो का, आणि तो काय म्हणतो ते लेखी घ्या.